बीटा एचसीजी, प्रोजेस्टेरॉन, थायरॉइड आणि गर्भपाताची भीती: नाशिकच्या दवाखान्यात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

सोमवारी ओपीडी सुरू होण्याआधीच माझ्या फोनवर सात-आठ रिपोर्टांचे फोटो येऊन पडलेले असतात. आकड्यापुढे ठळक अक्षरात 'लो' आणि खाली एकच ओळ: "मॅडम, हे नॉर्मल आहे ना?" सिडको, सातपूर, पंचवटी, पिंपळगाव बसवंत, पेठ, कुठूनही आला तरी प्रश्न तोच, आणि त्यामागची घालमेलही तीच. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमची फाइल तुमच्या डॉक्टरांकडे आहे, तेव्हा औषध सुरू किंवा बंद करण्याआधी त्यांच्याशी बोला.

१. पाळी चुकली, पट्टीवर दोन रेषा आल्या. लगेच बीटा एचसीजी करून घेऊ का?

बहुतेकींना गरज नसते. गर्भ पिशवीच्या अस्तरात रुजला की त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी हे हार्मोन तयार करतात. लघवीची पट्टी आणि रक्ताची बीटा तपासणी, दोन्ही तेच हार्मोन शोधतात. पट्टी फक्त 'आहे' किंवा 'नाही' सांगते, रक्ततपासणी किती आहे ते सांगते. रक्तात ५ च्या आत म्हणजे गर्भ नाही, २५ च्या वर म्हणजे आहे, मधला आकडा आला तर दोन दिवसांनी पुन्हा बघायचं.

पोटात दुखतंय, लाल जातंय, आधी नळीत गर्भ राहिला होता, आयव्हीएफ केलंय किंवा आधी गर्भपात झालेत, तर बीटा करावा. बाकीच्यांनी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून सहा-सात आठवड्यांनी सोनोग्राफी केली तरी चालतं (पुढचे आठवडेही असेच मोजलेत). विनाकारण केलेल्या बीटाने रात्रीची झोप तेवढी जाते.

२. माझा बीटा ३४० आला. नणंदेचा एवढ्याच दिवसांत १२०० होता. माझा कमी आहे का?

या आकड्यांवरून तसं म्हणताच येत नाही. पाचव्या आठवड्यात बीटा १८ पासून ७,३४० पर्यंत कुठेही असू शकतो, इतका तो पट्टा रुंद आहे. सुरुवातीला हा आकडा साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होतो. ३४० चे दोन दिवसांत ६८० आणि चार दिवसांत १३६० होतील. म्हणजे तुमच्यात आणि नणंदेत जेमतेम चार दिवसांचा फरक आहे. एकीचं बीज चौदाव्या दिवशी सुटलं, दुसरीचं अठराव्या, एवढ्यानेही तो पडतो. पाळी पस्तीस-चाळीस दिवसांनी येणाऱ्या मुलींचा बीटा म्हणूनच नेहमी 'कमी' वाटतो.

३. दोन दिवसांनी पुन्हा केला, पण दुप्पट झाला नाही. गर्भ वाढत नाहीये का?

सर्वांत जास्त रडू या प्रश्नावर येतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

'दुप्पट झालाच पाहिजे' हा नियम जुना आणि फार ढोबळ आहे. चांगल्या गर्भातही वाढ त्याहून हळू असू शकते. ४८ तासांत किमान किती वाढ अपेक्षित आहे हे पहिल्या आकड्यावर ठरतं. पहिला बीटा १५०० च्या आत असेल तर ४९ टक्के, १५०० ते ३००० असेल तर ४० टक्के आणि ३००० च्या वर असेल तर ३३ टक्के.

सातपूरला कंपनीत काम करणारी एक मुलगी दोन रिपोर्ट टेबलावर ठेवून मान खाली घालून बसली होती. सोमवारी ६२०, बुधवारी ९६०. "दुप्पट म्हणजे १२४० पाहिजे होता ना, मॅडम?" मी तिच्यासमोरच कागदावर गणित मांडलं. वाढ ३४०, ६२० च्या ५५ टक्के. ४९ च्या वर. म्हणजे थांबून सोनोग्राफीची वाट बघण्याएवढा हा आकडा बरा होता. 'गेलं' असं त्यावरून कुणालाच म्हणता आलं नसतं.

यातही दोन अटी आहेत. दोन्ही वेळा लॅब एकच हवी, कारण वेगवेगळ्या मशीनचे आकडे जुळत नाहीत. गावातल्या कलेक्शन सेंटरला रक्त देत असाल तर दोन्ही नमुने एकाच लॅबला जाणार आहेत का, हे विचारून घ्या. दुसरी अट वेळेची: सोमवारी सकाळी नऊला दिलं तर बुधवारी नऊलाच द्या. संध्याकाळी सात आणि सकाळी आठ असा हिशोब लावला की टक्केवारी कोलमडते.

वाढ किमानपेक्षा कमी असेल किंवा आकडा उतरत असेल, तर गर्भ टिकत नसण्याची किंवा नळीत असण्याची शक्यता वाढते. तेव्हा प्रश्न ४ वाचा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

सुरगाणा, पेठहून येणाऱ्यांना दोन दिवसांत दुसऱ्यांदा एसटी पकडून येणं जमत नाही. दुखणं नाही, रक्त नाही, आधीचा काही त्रास नाही, तर मी त्यांना दुसरा बीटा सांगतच नाही. सात आठवडे पूर्ण झाले की एकदाच सोनोग्राफीला या, म्हणते.

४. बीटा १८०० आहे, पण सोनोग्राफीत काहीच दिसलं नाही. गर्भ नळीत आहे का?

असू शकतो, पण एवढ्यावर ठरवता येत नाही. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची थैली साधारण पाच आठवड्यांना, त्यातलं योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी) साडेपाचला आणि ठोके सहाच्या आसपास दिसू लागतात. बीटा ३५०० च्या वर गेला आणि तरीही पिशवी रिकामी, तर नळीतल्या गर्भाचा संशय पक्का करत जावं लागतं. १८०० ला दिसला नाही तर बरेचदा दिवसच कमी असतात.

नळीतला गर्भ कमी बीटालाही फुटू शकतो, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. 'आकडा लहान आहे, म्हणजे धोका नाही' असं अजिबात नसतं. एका बाजूला ओटीपोटात कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झालं तर रिपोर्टची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

एक विनंती. हव्या असलेल्या गर्भासाठी एकाच बीटावर आणि एकाच सोनोग्राफीवर 'सफाई करून टाकू' असा सल्ला मिळाला आणि तुमची तब्येत स्थिर असेल, तर आठवडाभराने पुन्हा बघता येईल का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. गर्भ ७ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा आणि ठोके नाहीत, किंवा थैली सरासरी २५ मिलिमीटर आणि आत गर्भ नाही, तेव्हाच एका सोनोग्राफीवर गर्भ थांबल्याचं म्हणता येतं. त्याहून लहान मापाला थांबून पुन्हा पाहणं, हीच योग्य रीत.

५. प्रोजेस्टेरॉन ९ आलं. इंटरनेटवर ३० पाहिजे लिहिलंय. मी घाबरू का?

प्रोजेस्टेरॉन म्हणजे गर्भ टिकायला लागणारं हार्मोन. आधी त्याचं एकक बघा. आपल्याकडच्या लॅब बहुधा नॅनोग्रॅममध्ये आकडा देतात, परदेशी पानांवर तो नॅनोमोलमध्ये असतो. १ नॅनोग्रॅम म्हणजे साधारण ३.२ नॅनोमोल, म्हणजे तुमचे ९ त्यांच्या हिशोबाने २८-२९ होतात. या एका गोंधळाने कितीतरी जणी रात्रभर जागल्या आहेत.

नॅनोग्रॅममध्ये २० च्या वर असेल तर चांगलं लक्षण. ५ च्या आत असेल तर गर्भ टिकण्याची शक्यता फार कमी. मधल्या आकड्यातून फारसं काही कळत नाही. शिवाय हे हार्मोन रक्तात एका लयीत येत नाही, लाटांसारखं येतं. सकाळी ९ असलेलं दुपारी १४ असू शकतं. म्हणूनच तक्रार नसलेल्या बाईला मी ही तपासणी सांगत नाही.

६. "हार्मोन कमी पडलं म्हणून पोट पडलं," असं घरात सगळे म्हणतात. खरंच तसं असतं?

फार थोड्या वेळा. बहुतेकदा क्रम उलटा असतो.

पहिले सात-आठ आठवडे प्रोजेस्टेरॉन अंडाशयातल्या पिवळ्या गाठीतून येतं, ज्या ठिकाणाहून बीज सुटलं तिथूनच. पुढे वार ते काम हाती घेते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अर्पाद चापो या संशोधकाने दाखवलं की सात आठवड्यांच्या आत ही गाठ काढली तर गर्भ पडतो, आणि बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिलं तर टिकतो. हार्मोन लागतंच, यात वाद नाही.

पण त्या गाठीला काम करत राहा असा निरोप गर्भाच्याच एचसीजीकडून जातो. गर्भाची वाढ थांबली की एचसीजी रोडावतं, गाठ सुकते, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि मग रक्त दिसतं. रिपोर्टवरचा कमी आकडा बरेचदा आधीच घडून गेलेल्या गोष्टीची खबर असतो. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांची संख्या मुळातच चुकलेली असते. ती चूक बहुतेकदा बीज किंवा शुक्राणू तयार होताना, किंवा ते एकत्र येतानाच झालेली असते.

निफाडचे एक द्राक्ष बागायतदार पत्नीला घेऊन आले होते. "मॅडम, आम्ही घडाला जीए (मणी फुगवणारं संजीवक) देतो, तसं हिला हार्मोन दिलं असतं तर?" मी त्यांनाच विचारलं, ज्या मण्याची सेटिंगच झाली नाही, तो घड जीएत बुडवून काय होतं? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग पत्नीकडे वळून म्हणाले, "म्हणजे तुझ्याकडून काही राहिलं नव्हतं." ती तीन महिने याच वाक्याची वाट बघत होती.

७. मग डॉक्टर गर्भ टिकण्याच्या गोळ्या का देतात?

कारण एका विशिष्ट गटाला त्यांचा उपयोग होतो. ब्रिटनमधला 'प्रिझम' नावाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या दिवसांत रक्त दिसलेल्या ४,१५३ बायकांपैकी निम्म्यांना योनीमार्गे ४०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन दिवसातून दोनदा दिलं, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. बाळ जन्मण्याचं प्रमाण ७५ आणि ७२ टक्के आलं, म्हणजे सरसकट फरक सिद्ध झाला नाही. पण ज्यांचे आधी तीन किंवा अधिक गर्भपात झाले होते, त्यांच्यात ते ७२ विरुद्ध ५७ टक्के होतं. हा फरक मोठा आहे.

यावरूनच २०२१ मध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने ठरवलं: आता रक्त दिसतंय आणि आधी किमान एक गर्भपात झालाय, अशा बाईला गर्भ पिशवीत असल्याची खात्री करून हे औषध द्यावं. ठोके दिसले तर सोळा आठवड्यांपर्यंत.

रक्त नाही, पूर्वी गर्भपात नाही, फक्त 'सपोर्ट' म्हणून गोळी दिली असेल, तर ती कशासाठी हे मोकळेपणाने विचारा. रक्त नसताना, केवळ आधी अनेक गर्भपात झाले म्हणून दिलेल्या प्रोजेस्टेरॉनने २०१५ च्या 'प्रॉमिस' अभ्यासात फरक पडला नव्हता: ६५.८ आणि ६३.३ टक्के. दर आठवड्याच्या इंजेक्शनला तर प्रिझमचा आधारही लावता येत नाही, त्या अभ्यासात इंजेक्शन नव्हतंच. आयव्हीएफचा हिशोब वेगळा आहे. तिथे ही औषधं उपचाराचाच भाग असतात, मनाने बंद करू नका.

८. पंधरा दिवस गोळ्या घेतल्या, तरी रिपोर्टमध्ये प्रोजेस्टेरॉन कमीच. गोळी लागू पडत नाहीये का?

गोळी कोणती आहे ते बघा. डायड्रोजेस्टेरॉन असेल तर ते कृत्रिम, थोडं वेगळं रसायन आहे. लॅबची तपासणी त्याला प्रोजेस्टेरॉन म्हणून मोजत नाही. तुम्ही डबा संपवला तरी आकडा हलणार नाही. योनीमार्गे ठेवलेली कॅप्सूल थेट पिशवीपर्यंत पोचते, रक्तात त्या मानाने कमी दिसते. गोळ्या सुरू असताना ही तपासणी पुन्हा पुन्हा करण्यात पैसे जातात, हाती काही लागत नाही.

९. या गोळ्यांनी बाळाला काही होतं का?

सध्याच्या प्रोजेस्टेरॉनने बाळात व्यंग वाढल्याचं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. पण 'देऊन ठेवू, नुकसान तर नाही' या विचाराने वैद्यकशास्त्राने एकदा फार मोठी चूक केली आहे. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन १९४० च्या दशकापासून गर्भपात टळावा म्हणून लाखो बायकांना दिलं गेलं. १९५३ मध्ये शिकागोतल्या अभ्यासात त्याचा उपयोग नसल्याचं दिसलं, तरी ते दिलं जातच राहिलं. १९७१ मध्ये त्या बायकांच्या तरुण मुलींमध्ये योनीमार्गाचा दुर्मीळ कर्करोग सापडला, तेव्हा कुठे ते थांबलं. म्हणून कोणत्याही हार्मोनसाठी 'कशासाठी' आणि 'कधीपर्यंत' हे दोन प्रश्न मी महत्त्वाचे मानते.

आणखी एक: प्रोजेस्टेरॉन सुरू असताना गर्भ थांबला तरी रक्तस्राव उशिरा होऊ शकतो. त्यामुळे 'रक्त नाही' यावर विसंबून सोनोग्राफी पुढे ढकलू नका.

१०. टीएसएच ३.८ आहे. एक डॉक्टर म्हणतात गोळी घ्या, दुसरे म्हणतात नको. कुणाचं ऐकू?

टीएसएच हे थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन, ते वाढलं म्हणजे बहुधा थायरॉइड कमी पडतोय. दोन्ही डॉक्टरांच्या हातात वेगवेगळ्या काळातली मर्यादा आहे. पूर्वी पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच २.५ च्या आत हवा, असं मानत. २०१७ मध्ये अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने ती साधारण ४ पर्यंत सैल केली. २.५ ते ४ च्या मध्ये असाल तर थायरॉइडविरोधी अँटिबॉडी आणि आधीचे गर्भपात बघून निर्णय होतो. टीएसएच ठीक आहे आणि फक्त अँटिबॉडी आहेत, अशा बायकांना गोळी देऊन 'टॅब्लेट' या २०१९ च्या अभ्यासात फायदा दिसला नाही: बाळ जन्मण्याचं प्रमाण ३७.४ आणि ३७.९ टक्के.

१० च्या वर गेलेला टीएसएच मात्र गांभीर्याने घ्या. त्यात गर्भपाताचा धोका खरोखर वाढतो आणि उपचार सोपा आहे. आधीपासून थायरॉइडची गोळी चालू असेल, तर दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना फोन करा. डोस साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढवावा लागतो. गोळी उपाशीपोटी घ्या, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळीत किमान चार तासांचं अंतर ठेवा. दोन्ही गोळ्या एकाच दुधाच्या ग्लासाबरोबर घेणाऱ्या बायका मला दर आठवड्याला भेटतात.

उलट, नवव्या-दहाव्या आठवड्यात टीएसएच ०.१ इतका खाली गेला तर दचकू नका. एचसीजी थायरॉइडलाही चालना देतं. टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, तपासून मगच पुढचं ठरतं.

११. प्रोलॅक्टिन वाढलंय, एएमएच कमी आहे. त्यानेही गर्भपात होतो का?

गरोदरपणात प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढतंच, तेव्हा ते तपासायचं कारण नाही. एएमएच बीजांच्या साठ्याचा अंदाज देतं, राहिलेल्या गर्भाचं भविष्य त्यावरून सांगत नाहीत. वयाचा परिणाम मात्र ठळक आहे. पंचविशीत सुमारे दहात एक गर्भ पडतो, ४५ नंतर निम्म्याहून अधिक. आटोक्यात नसलेली साखरही धोका वाढवते. मधुमेह असेल तर दिवस राहण्याआधीच एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) दाखवा.

१२. कालपर्यंत उलट्या होत्या, आज एकदम बंद. हार्मोन उतरलं का?

मळमळ रोज कमी-जास्त होते. काहींना ती नसतेच आणि बाळ छान असतं. एचसीजी आठ ते अकरा आठवड्यांच्या दरम्यान शिखरावर जातं, मग आपोआप उतरतं. त्यामुळे दहाव्या आठवड्यानंतर मळमळ थांबणं आणि बीटा कमी होणं, दोन्ही नेहमीचं आहे. ठोके एकदा दिसले की बीटा पुन्हा करायचाच नसतो. सहाव्या-सातव्या आठवड्यात सगळी लक्षणं एकदम गेली आणि जोडीला लाल जात असेल, तर सोनोग्राफी करून घ्या.

१३. सासूबाई म्हणतात पपई खाल्ली, स्कूटीवर गेले म्हणून झालं. झोपूनच राहू का?

नाही. पूर्ण विश्रांतीने गर्भपात टळत नाही, हे तपासून झालंय. पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका मात्र वाढतो. पिकलेल्या पपईच्या चार फोडींनी किंवा गंगापूर रोडच्या खड्ड्यांनी चांगला गर्भ पडत नाही. बागेत जात असाल तर फवारणीच्या दिवसांत मात्र नक्की लांब राहा.

१४. बीटा खोटा येऊ शकतो का?

हो, कधी कधी. बीज फुटायला एचसीजीचं इंजेक्शन दिलं असेल तर ते दहा ते चौदा दिवस रक्तात राहू शकतं, आणि त्या काळात पट्टीही खोटी दोन रेषा दाखवते. केस-नखांसाठी घेतलेल्या जास्त मात्रेच्या बायोटिनमुळे काही मशीनवर बीटा खोटा कमी येतो, तर प्रोजेस्टेरॉन खोटं जास्त. रक्त देताना हे सांगा. रक्तात बीटा आहे, पण लघवीत आणि सोनोग्राफीत काहीच नाही, असं दिसलं तर लॅब बदलून तपासतात.

१५. गर्भपात झाला. बीटा शून्यावर यायला किती दिवस लागतात?

साधारण दोन ते सहा आठवडे, आधी तो किती होता त्यावर. तीन आठवड्यांनी पट्टी करा. तेव्हाही दोन रेषा असतील किंवा रक्त थांबत नसेल, तर अंश राहिला का ते बघावं लागतं. द्राक्षगर्भ असेल, म्हणजे वारेच्या जागी पाण्याच्या फोडांचे घोस, तर नियम वेगळा: बीटा सामान्य झाल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर ठरल्या दिवशी तपासणी, आणि ती पूर्ण होईपर्यंत पुन्हा दिवस राहू न देणं. ही तपासणी चुकवू नका. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी या इंजेक्शनबद्दल लगेच विचारा.

१६. दोनदा असं झालं. आता सगळ्या हार्मोन तपासण्या करू?

सगळ्या नकोत. दोन गर्भपातांनंतर तपासणी सुरू करणं रास्त आहे: टीएसएच, साखर, पिशवीची सोनोग्राफी आणि अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्तात गुठळ्या व्हायला कारण ठरणाऱ्या). शेवटची बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी लागते, एकदाच पॉझिटिव्ह आली तर निदान होत नाही. ती खरी निघाली तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन या रक्ताची गुठळी टाळणाऱ्या औषधांनी फायदा होतो. पुन्हा गर्भपात झाला तर त्या ऊतींची गुणसूत्र तपासणी करता येते. अनेकींना त्या एका कागदाने जेवढा दिलासा मिळतो, तेवढा हार्मोनच्या दहा रिपोर्टांनी मिळत नाही.

१७. रिपोर्ट रात्री नऊला व्हॉट्सॅपवर आला, दवाखाना बंद. सकाळपर्यंत थांबू का?

त्रास नसेल तर थांबा. सुरुवातीच्या दिवसांत रक्त साधारण चारांतल्या एकीला दिसतं आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचा गर्भ पुढे व्यवस्थित वाढतो. रात्रीतून करण्यासारखं त्यात काही नसतं.

तासाला दोन पॅड भिजत असतील, ताप असेल, किंवा प्रश्न ४ मधलं काही जाणवत असेल, तर आकडा कितीही असो, निघा. खासगी दवाखाना उघडा नसेल तर त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल रात्रभर सुरू असतं. एकट्या जाऊ नका, आणि जाताना सोनोग्राफीची फाइल, रक्तगटाचा कागद, बीटाचे सगळे रिपोर्ट तारीख-वेळेसकट सोबत ठेवा. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी तुम्हाला पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. आधीचा आकडा हातात असला की त्यांना आणखी दोन दिवस थांबावं लागत नाही.